सगळेच घोड्यावर

साहेबरावांनी सगळ्यांत पुढच्या घोडेस्वारावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "मामा, हा आमचा पणजा."

ज्ञानदेव मामांनी ब्रश बाजूला ठेवला. दौंडला रेल्वेत फिटर म्हणून त्यांची उमर गेली होती. रिटायर होऊन निमोण्याला परतल्यावर त्यांनी हा एकच नाद लावून घेतला होता. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, वरून ऑइलपेंट. असे बोटभर उंचीचे दीडशे सैनिक त्यांनी दोन मोठ्या फळ्यांवर मांडले होते. मधून निळ्या काचेची नदी. अलीकडं लाल पागोट्यांची फौज, पलीकडं काळ्या डगल्यांची.

शिरूरला प्रजासत्ताकदिनाचं प्रदर्शन भरवायचं साहेबरावांनी अंगावर घेतलं होतं. झेडपीची निवडणूक तोंडावर होती आणि तिकिटासाठी घराण्याला काहीतरी इतिहास असला तर बरा, असं त्यांना वाटत होतं. तो इतिहास त्यांना या फळ्यांवर सापडला. ही आपल्या नदीकाठची लढाई ना, असं त्यांनी विचारलं होतं. मामा एका सैनिकाचा भाला सरळ करत नदीकाठचीच म्हणाले होते. तेवढं साहेबरावांना पुरलं.

पणज्याचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते घरी जाऊन आईला विचारलं.

म्हस्कू, असं धुरपदाबाईंनी सांगितलं. आणि बऱ्याच वर्षांनी कुणी विचारलं म्हणून बाकीचंही सांगितलं. म्हस्कू दर साली मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. घाटाच्या पायथ्याला हिवतापानं गेला. त्याच्या कुत्र्यानं दोन दिवस मढ्याला कुणाला हात लावू दिला नाही. साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग हे चार लोकांत बोलायचं नाही, अशी आईला ताकीद दिली.

बातमी दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात पोचली. संध्याकाळच्या आत चांगदेव निमोण्यात हजर. चांगदेव म्हणजे साहेबरावांचा दहा वर्षांचा विरोधक. त्याचाही पणजा त्याच लढाईत निघाला, आणि साहेबरावांच्या पणज्याच्या वीतभर पुढं निघाला. साहेबरावांनी येऊन म्हस्कूला नदीत उतरवलं. चांगदेवानं आपला नदीपार नेला.

मग रीघच लागली. वरवंडचे पाव्हणे आले, शिरूरचे वकील आले, पतपेढीचे संचालक आले. प्रत्येकाचा कोणी ना कोणी त्या लढाईत होता आणि पायी एकही नव्हता. मामा कुणाला नाही म्हणाले नाहीत. नाव सांगितलं की ते बारीक अक्षरात घोड्याखाली लिहायचे आणि त्या गड्याला घोड्यावर बसवायचे. आठवड्याभरात लाल पागोट्यांच्या फौजेत पायदळच उरलं नाही. काळ्या डगल्यांत मात्र कुणाचाच पणजा नव्हता.

शेवटी प्रश्न आला मरणाचा. चांगदेवानं आपल्या पणज्याला छातीवर एक जखम करून घेतली. साहेबरावांनी म्हस्कूला तीन करून घेतल्या, तिन्ही समोरून. मामांच्या तांबड्या रंगाचा डबा तळाला गेला.

सव्वीस जानेवारीला हॉल गच्च भरला. साहेबराव माइकवर उभे राहिले. तीन जखमा अंगावर घेऊन म्हस्कूबाबा कसे लढले, शेवटी घोडनदीचं पाणी कसं मागितलं, हे सांगताना त्यांचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ज्याचं नाव माहीत नव्हतं, त्या माणसासाठी त्यांना हुंदका आवरेना. पहिल्या रांगेत धुरपदाबाई पदर तोंडाला लावून जमिनीकडं बघत होत्या. लोकांना वाटलं, म्हातारी रडतीय.

प्रमुख पाहुणे पुण्याचे होते, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. चष्मा कपाळावर सरकवून ते फळ्यांवर वाकले. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी साहेबरावांना लढाईचं साल विचारलं. साहेबरावांनी चांगदेवाकडं पाहिलं. चांगदेवानं छताकडं पाहिलं. तेव्हा प्राध्यापकांनी मामांना जवळ बोलावून तेच विचारलं.

"साल कुठलं साहेब," मामा म्हणाले. "ही लढाई झालीच न्हाई. रिटायर झाल्यावर दिस जाईना, म्हून मनानंच मांडली. ह्यांनी नावं सांगितली, मी लिवली. खरी का खोटी, ते मला कुणी इचारलंच न्हाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. धुरपदाबाईंनी मान वर केली आणि सरळ साहेबरावांकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आता तरी सांग, एवढंच होतं. क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावं. घाट, मेंढरं, हिवताप, सगळं. माइक हातातच होता.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर हात पडला. चांगदेव शेजारी येऊन उभा राहिला होता, दहा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या मागं वकील उठले, संचालक उठले, वरवंडचे पाव्हणे उठले. सगळ्यांचे डोळे साहेबरावांवर होते.

साहेबरावांनी आईकडून नजर काढून घेतली. घसा खाकरला आणि माइक तोंडाजवळ धरला.

"झाली न्हाई म्हंजी? मामा, आमची मानसं पडलीत तिच्यात."