ड्रॅगनचं बोलणं

"ड्रॅगन गावंढळ बोलतो," अशी कादंबरीच्या चाहत्यांनी तिच्यावरच्या नव्या मालिकेची झलक पाहून बोंब ठोकली आणि ड्रॅगनला आवाज देणाऱ्या म्हाताऱ्या नटाला सगळे संवाद पुन्हा म्हणावे लागले. उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी महिनाभर त्याची जीभ घासूनपुसून लख्ख केली. आज पहिला भाग लागला, तेव्हा तो सोफ्यावर रेलून बसला होता. नात हिरमुसली. "आजोबा, हा आपला ड्रॅगन नाहीच. पुस्तकात तो असा बोलत नाही." "अगं, पुस्तकाला कुठला आलाय आवाज?" "आहे की! लहानपणी तुम्ही मला वाचून दाखवायचात, तो." तिने शिवण उसवलेली कादंबरी त्याच्या मांडीवर ठेवली. "वाचा ना, तस्संच." त्याने घसा खाकरला, गावाकडचा हेल आठवला आणि ओळ वाचली. लख्ख निघाली. पुन्हा वाचली. तितकीच लख्ख. नातीने पुस्तक अलगद मिटलं. "राहू द्या, आजोबा. दमलात तुम्ही."