डावी बाही

पाडवा चार दिवसांवर आला होता. नाशिकची थंडी एकदाची सरली, आणि गॅलरीत गोधड्या ऊन खात पडल्या होत्या. कुमुदताईंनी कपाटातले जुने कपडे काढून बोहारणीपुढे टाकले. बदल्यात पातेलं मोठंच हवं होतं, म्हणून यजमानांचा कोपरावर विरलेला राखाडी स्वेटरही त्यांनी ढिगात सरकवला.

बोहारणीने तो खांद्यांना धरून झटकला. “बाई, ह्याची डावी बाही चार बोटं लांब हाय की! कुणी विणला ह्यो?”

कुमुदताई चपापल्या. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच विणला होता. यजमान दर थंडीत डावी बाही दुमडून तो घालायचे. कुमुदताईंना ती ऐट वाटत होती.

“अहो, इकडे या! तीस वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?”

केरसुणी घेऊन ते बाहेर आले, स्वेटर पाहिला आणि आपला डावा हात न्याहाळू लागले. “मला आपलं वाटायचं, माझाच हात आखूड आहे.”

बोहारीण तोंडाला पदर लावून खुदखुदली. कुमुदताईंनी स्वेटर ओढून घेतला. “हा मिळायचा नाही. पातेलं लहान दे!”