जमा झालेली बंदूक

हवालदाराने कपबशी खाली ठेवली आणि तिला विचारलं, "वहिनी, साहेबांच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत वाढवायचीय. घरच्यांची काही हरकत?"

नवरा शेजारीच बंदूक मांडीवर घेऊन फडक्याने नळी पुसत बसला होता. आमटीत मीठ कमी पडलं तरी तो बंदूक अशीच काढून पुसत बसायचा. बोलायचा काहीच नाही. हात तर त्याने तिच्यावर कधीच उगारला नव्हता. मग सांगायचं तरी काय?

"नाही," ती म्हणाली.

"वहिनींशी जरा बाजूला बोललो असतो..." हवालदार चाचरला.

"नवरा-बायकोतलं पोलिसांना कशाला?" नवरा हसला. "बंदूक बाळगणं माझा हक्क आहे. माझ्या नावावर एक गुन्हा दाखवा!"

"तसं नाही साहेब. घरातलं खासगी आम्ही कशाला विचारू?"

गेल्या विधानसभेला आचारसंहिता लागली, तेव्हा गावातल्या परवान्याच्या सगळ्या बंदुकांसारखी हीही बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली होती. तेवढे दिवस तिला गाढ झोप लागायची. आमटीत मीठ किती पडलं, हे तिने चाखूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मग निकाल लागले आणि बंदूक घरी आली.

हवालदार बूट घालायला दारात वाकला. ती मागोमाग आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली.

"काही सांगायचंय का, वहिनी?"

आत नळीवरून फिरणारं फडकं थांबलं.

"जिल्हा परिषदेच्या निवडणुका कधी आहेत हो?" तिने विचारलं.