गुळव्याची जीभ

गुऱ्हाळाच्या कुडाबाहेर सुनंदा तान्ह्या लेकीला घेऊन उभी होती. आत तिच्या वडिलांच्या, तात्यांच्या, छातीवर डॉक्टरांनी चिकटवलेली तपासणीच्या दिव्याची पट्टी पिवळी जळत होती. रक्तातली साखर चढली की छातीत निजलेला क्षय कूस बदलू लागतो, हे आता पट्टी आधीच सांगायची. ती हिरवी होईपर्यंत नात जवळ घ्यायची नव्हती.

"तात्या, परत चाखलं न्हवं?"

"जिभेला लावल्याबिगर काहील उतरवणारा गुळव्या कुठं बघितलाईस?"

"मग बसा चाटत. मी हिला सांगते, तुझा आजा गुळात अडकलाय."

तात्यांना हसू आलं नाही. जन्मल्यापासून नात त्यांनी कुडापलीकडूनच पाहिली होती.

काहिलीतला रस दाटला. सवयीनं रस लागलेलं बोट ओठांपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

"शिरपती, तू चाख."

जोडीदार शिरपतीनं चाखलं. "उतरवू या."

वासावरून तात्यांना वाटलं, रस अजून कच्चा असावा; पण चाखल्याशिवाय खात्री नव्हती. शंका खरी निघाली तर आज गूळ चिकट होणार, बाजारात नाव जाणार.

"उतरव," ते म्हणाले.

मग चिकट बोट त्यांनी बादलीत स्वच्छ धुतलं आणि कुडावरून दिसणारी ती इवलीशी मूठ उघडते का, ते बघत राहिले.