मूळ स्थितीत

रफूगाराचं नाक काचेला टेकलं आणि काचेवर वाफेचा गोल उमटला. त्याने तो रुमालाने पुसला, अर्धं पाऊल मागे सरकला आणि पुन्हा वाकला. काचेआड बँडमास्तरांचा निळा कोट लाकडी धडावर चढवलेला होता. पितळी बटणं, खांद्यांवर झुपके, थाट असा की आत्ता बँड सुरू करील.

"सापडलं का?" बायकोने विचारलं.

"घाई करू नकोस."

दर वसंतात हे छोटंसं संग्रहालय लोकांच्या घरांतल्या जुन्या वस्तू मागून आणून प्रदर्शन भरवायचं. यंदा पाळी कपड्यांची होती. पेपरात कोटाचा फोटो आला आणि रफूगार चहा तसाच ठेवून उठला. चौतीस वर्षांपूर्वी हा कोट त्याच्या हाताखालून गेला होता. खिळ्याला अडकून बाही बोटभर फाटली होती आणि दोन दिवस मान मोडून त्याने ती धाग्याधाग्याने विणून काढली होती. कुठली बाही, ते मात्र काही केल्या आठवत नव्हतं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणत होते, आता सुई बंद. बायकोही तेच म्हणत होती, फक्त जास्त वेळा. शेवटी त्यानेच पैज लावली. "माझं रफू मला काचेबाहेरून सापडलं, तर दुकान चालू राहील. नाही सापडलं, तर उद्या कुलूप." रफू लोकांना दिसता कामा नये, पण करणाऱ्याला दिसलंच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बायको एका पायावर तयार झाली.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी लगबगीने आली. "आजोबा, काही हवंय का?"

"कोट कुठे फाटलाय ते बघतोय."

"फाटलेला नाहीये हो!" कोट तिच्या माहेरचा असावा इतका तिला राग आला. "पाटी वाचा ना. संपूर्ण मूळ स्थितीत. कुठेही दुरुस्ती नाही. आम्ही बाहेरून तज्ज्ञ बोलावले होते. भिंग लावून इंच न् इंच तपासलाय त्यांनी."

रफूगार खुलला. मग लगेच त्याचा चेहरा उतरला. तज्ज्ञांना दिसलं नाही, हे ठीकच झालं. पण त्याला का दिसू नये? एक तर तेव्हा हात फारच बसलेला होता, नाही तर आता डोळे कामातून गेले होते. दोन्हींतलं खरं काय, हे कळल्याशिवाय त्याला तिथून हलवेना. तो कोटाला डावीकडून बघून आला, उजवीकडून बघून आला, गुडघ्यांवर हात ठेवून खालूनही बघून झालं.

बायको खरं तर काही शोधतच नव्हती. पाय अवघडला म्हणून ती खिडकीच्या बाजूला सरकली, तिरका उजेड कोटावर पडला आणि तिला ते दिसलं. डावी बाही, कोपराच्या जरा खाली. तेवढ्या बोटभर जागेतला निळा रंग किंचित दबलेला होता. हा माणूस रोज रात्री जेवायच्या आधी एकेक कपडा दिव्यासमोर धरून तिला विचारायचा, "सांग कुठे आहे?" त्याची वीण तिला कुठेही ओळखू आली असती. तिला एकदम भरून आलं. काय सुरेख काम केलं होतं या माणसाने!

आता नुसतं गप्प राहायचं होतं. उद्या दुकानाला कुलूप, मग रात्री कपाळ दाबून बसणं नको आणि बोटांना सुया टोचून घेणं नको.

"सापडलं!" रफूगार ओरडला. दालनातली चार माणसं वळून बघू लागली. त्याचं बोट उजव्या बाहीवर, मनगटापाशी होतं. "हे काय, इथे!"

मुलगी वाकली. डोळे बारीक करून तिने पाहिलं. "इथे तर काहीच नाही, आजोबा."

"तेच तर!" रफूगार म्हणाला. "त्या काहीच नाहीला मला दोन दिवस लागले होते."

तो हसत बायकोकडे वळला. बोट मात्र त्याने काचेवरून उचललं नव्हतं. "तू सांग. दिसतंय ना?"

उजवी बाही कोरी करकरीत होती. तिला कधी सुई लागलीच नव्हती.

बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याच्या बोटाजवळ तोंड नेऊन तिने नीट पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "तिथेच आहे."

मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "मग... पाटी बदलायला सांगू का?"

"छे छे," रफूगार म्हणाला. "एक अक्षर हलवू नका."

बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. रफूगार शीळ घालत निघाला, पण पायऱ्या आल्यावर शीळ थांबली आणि तो पायाने चाचपत उतरू लागला. बायकोने त्याचा दंड धरला.

"उद्यापासून मीही दुकानात येणार," ती म्हणाली.

"तू? तू काय करणार तिथे?"

"तुम्ही टाके घाला. बघायचं काम मी करते."

तो आणखी दोन पायऱ्या उतरला.

"कुठली बाही होती गं?" त्याने विचारलं.

"डावी," ती म्हणाली. "सुरेख झालंय."