फळीचा आवाज

“सांगा वहिनी, नवी फळी कुठली?” भिकाजी मेस्त्रीने हसत विचारलं. माडीच्या लाकडी जमिनीतली वाळवीने पोखरलेली फळी काढून त्याने जुन्या दाराचं सागवान बसवलं होतं, काताच्या पाण्याने रंगही जुळवला होता. वहिनींनी वाकून वाकून पाहिलं. “हरले बाबा!”

तेवढ्यात वहिनींचे सासरे, अण्णा, खोलीतून बाहेर आले. डोळे जाऊन बारा वर्षं झाली, तरी आपल्या घरात त्यांना काठी लागत नसे. नव्या फळीवरून ते सरळ पुढे निघाले. पाऊल जिन्याच्या पोकळीत पडणार, इतक्यात भिकाजीने त्यांना कवेत धरलं.

अण्णांनी पायाने पुढची पोकळी चाचपली. “जिना आला? मग माझी फळी करकरली कशी नाही? ती बोलली की मी थांबतो रे.”

ती करकर घालवा, असं वहिनींनीच भिकाजीला बजावलं होतं.

भिकाजीने निगुतीने आवळलेले स्क्रू एकेक करून सैल केले आणि फळीवर पाय दिला. कर्रर्र.

अण्णांनी कान दिला. “तिचा आवाज जरा जाड होता.”

“जुळवतो, अण्णा,” म्हणत भिकाजी पुन्हा गुडघ्यांवर बसला.