आवाज नसलेला कूलर

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या नागपूर नगरीच्या हिंगणा भागातील एका लहान कारखानदाराने व एका विद्वान बाईंनी मिळून एक नवीन वस्तू कशी घडविली, त्याचा वृत्तांत आपणासमोर सादर करीत आहे. तो आपण शांत चित्ताने वाचावा.

"हा कूलर बंद हाये," बायजाबाई म्हणाल्या.

"चालू आहे, मावशी," विश्वनाथ नम्रपणे म्हणाला. "जाळीसमोर हात धरून पाहा ना."

"हात कायले धरू? झोप का हाताले लागते? परत घेऊन जाय गा, बाबू."

कूलर परत येण्याची ही दुसरी वेळ होती. बायजाबाई म्हणजे धरमपेठेतील सुमतीबाईंच्या सासूबाई. सुमतीबाईंचे पंखे-कूलरचे मोठे दुकान होते, आणि त्या दुकानाचा एक रिवाज होता. सासूबाईंनी घरी वापरून पसंत केल्याखेरीज कोणतीही नवी वस्तू दुकानात मांडली जात नसे.

इकडे विश्वनाथचा जीव टांगणीला लागला होता. त्याच्या कारखान्यातील पत्र्याच्या कूलरना आता कोणी विचारीत नव्हते. "भारी आवाज करतात" ही एकच तक्रार. मेहुण्याने त्याच्यासाठी एका कंपनीत नोकरी पाहून ठेवली होती. या कूलरला सुमतीबाईंच्या दुकानात जागा मिळाली नाही, तर वडिलांनी उभारलेल्या कारखान्यास कुलूप लावून, त्याच हिंगण्यात, दुसऱ्याच्या कंपनीच्या बसमधून कामावर जाणे एवढेच त्याच्या नशिबी उरले होते.

म्हणूनच त्याने अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविणाऱ्या चिन्मयी मॅडमना विनंती केली होती. पत्रा, कामगार व जागा त्याची, विद्या त्यांची, नफा निम्मा-निम्मा. मॅडमनी अख्खा हिवाळा खर्ची घालून पंख्याची पाती नव्याने आखली होती, आणि कूलर असा मुका झाला होता की शेजारी मांजर चालले तरी ऐकू यावे.

कूलर कारखान्यात परतल्यावर मॅडमनी त्यास तापमापक लावला. हवा जुन्या कूलरपेक्षाही थंड निघाली.

"मग मावशींना हवा का लागत नाही?" त्या त्रासून म्हणाल्या.

विश्वनाथाने तापमापक काढून ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. आपल्या इथे माणूस उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत झोपते. घरघर थांबली का अख्खं घर उठून बसते, लाईट गेली म्हणते. मावशीच्या कानाले आवाज नाही, म्हणून आंगाले हवा नाही. थोडासा आवाज ठेवू ना आपण."

मॅडमचा चेहरा पडला. "मग मला बोलावलंत कशाला, विश्वनाथभाऊ? घरघर तर तुमच्याकडे आधीच होती. तीही फुकट!"

"तसं नाही ना, मॅडम."

"तसंच आहे."

त्या पर्स उचलून निघून गेल्या. विश्वनाथाने मेहुण्यास फोन लावला. परंतु पलीकडून "हॅलो" ऐकू येताच त्याने तो बंद केला.

दुसरे दिवशी मॅडम आपल्या पायांनी परत आल्या. त्यांच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक डबी होती. बटण दाबताच त्या डबीतून कूलरची घरघर सुरू झाली, मधूनमधून येणाऱ्या खडखडीसकट.

"हा तर माह्या घरचा कूलर!" विश्वनाथ उद्गारला.

"वहिनींनी रेकॉर्ड करून पाठवला," मॅडम म्हणाल्या. "पात्याला मी हात लावणार नाही. ज्यांना आवाज हवा, त्यांनी डबी लावावी. पाण्याच्या यंत्राला आणखी वायर जोडणं धोक्याचं, म्हणून हिला हिची स्वतःची बॅटरी दिली आहे."

विश्वनाथ पोट धरून हसला. मग मॅडमही हसल्या. त्याच सायंकाळी कूलर तिसऱ्यांदा धरमपेठेस रवाना झाला, आणि डबी त्याच्या माथ्यावर बसविण्यात आली.

सकाळी दोघे सुमतीबाईंच्या दारी उभे राहिले. मॅडमनी घंटीचे बटण दाबले. आत काही वाजले नाही, तेव्हा विश्वनाथाने कडी वाजविली.

बायजाबाई व्हरांड्यातच बसल्या होत्या. त्यांची मुद्रा प्रसन्न होती. आतील खोलीतून घरघर ऐकू येत होती.

"ये गा विश्वनाथ! याले म्हणतात कूलर! पहाटे तर मले चादर घ्या लागली. अन् तू वं पोरी, शिकल्याचं सार्थक केलं पाह्य."

मॅडमचे डोळे भरून आले. विश्वनाथाने दोन्ही हात जोडले.

सुमतीबाई वर्तमानपत्राने वारा घेत बाहेर आल्या. त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्यांनी दोघांस खूण करून अंगणात, सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतके दूर नेले.

"ऑर्डर पक्की समजा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "जितका माल बनवाल, तितका मी घेते. कामगार वाढवा. फक्त कूलर तूर्त राहू द्या. मले त्या डब्या पाहिजे."

"नुसत्या डब्या?" विश्वनाथ गोंधळून म्हणाला. "काहून? कूलरमध्ये काही खोट आहे का?"

सुमतीबाईंनी व्हरांड्याकडे पाहिले आणि पदराने हसू दाबले.

"मले काय माहीत, भाऊ? तो पाहायलाच नाही मिळाला. आमच्या गल्लीतली लाईट काल आईनं दिवा मालवला अन् झोप लागायच्या आधीच गेली, ते अजून आलेली नाही."

येथवर मन लावून वाचल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी,
प्रशिक मेश्राम, सावनेर